पाहुणा नसलेला दिवस

कू माल्सूनच्या घरात सामान कधी आणायचं हे भाडेकरू ठरवत नसे, ट्रकवालाही ठरवत नसे. ते माल्सूनताई ठरवायची. चांद्र महिन्यातल्या ज्या तारखेच्या शेवटी नऊ किंवा शून्य असेल, तीच तारीख. बाकी सगळे दिवस पाहुणा फिरत असतो. पहिले दोन दिवस तो पूर्वेला असतो, मग दोन दिवस दक्षिणेला, मग पश्चिमेला, मग उत्तरेला. तो असेल त्या दिशेला बिऱ्हाड नेलं की घराला नड लागते. नवव्या आणि दहाव्या दिवशी तो वर आभाळात जातो, तेवढ्यात माणसाने बिऱ्हाड हलवून घ्यावं. अकराव्याला तो पुन्हा पूर्वेला हजर. त्याचं खरं नाव काय, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. तो आला की रिकाम्या हाताने जात नाही, एवढं माहीत असलं की पुरे.

इंचॉनमध्ये आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचा यावर विश्वास आहे, निम्म्यांचा नाही, पण सामान सगळेच त्या दिवशी हलवतात. त्यामुळे ट्रकवाले त्या दिवशी दीडपट पैसे मागतात. आमचे हे म्हणतात, पाहुण्याला ट्रकवाल्यांनीच जन्माला घातलं असणार. मी लाँड्री चालवते. कपडे धुते, इस्त्री करते, पँट्स आखूड करते, आणि काचेतून गल्ली बघते. माल्सूनताईचं पहिलं घर माझ्या दुकानाच्या अगदी समोर, तिसऱ्या मजल्यावर. लाल विटांची चार मजली इमारत, लिफ्टचा पत्ता नाही, नाव मात्र व्हिला.

त्या घराच्या दारावर आतल्या बाजूने तिने एक वाळवलेला पोलाक मासा टांगला होता, पांढरा दोरा गुंडाळून. तोंड वासलेलं, डोळे उघडे. वाईट काही दारात आलं तर त्याला दिसावं म्हणून. असा मासा ती प्रत्येक घरात टांगायची. मासे तिला मिळायला अडचण नव्हती. नवरा गेल्यावर बरीच वर्षं तिने बंदरावरच्या बाजारात सुकी मासळीच विकली होती. वास येतो अशी कोणी तक्रार केली तर ती म्हणायची, "वास येतोय तोवर तो जागा आहे असं समज."

हे सगळं तिच्यात कुठून आलं ते तिने मला एकदाच सांगितलं. हिवाळ्याचा कोट आखूड करायला आली होती, मी टाचण्या लावत होते आणि ती आरशात न बघता बोलत होती.

"लहानपणी आम्ही सगळे एका खोलीत राहायचो. मालकाने सांगितलं, खोली सोडा. बाबा म्हणाले, दोन दिवस द्या, परवा पाहुणा नाही, परवा जातो. मालक म्हणाला, मला कारणं सांगू नकोस, आत्ता गाडी आण. मग भर थंडीत हातगाडीवर गाद्या टाकून निघालो. नव्या खोलीत जमिनीखाली कोळशाची शेगडी. जमिनीला कुठेतरी चीर होती, ती कोणाला दिसली नाही. पहिल्याच रात्री त्यातून कोळशाचा वायू वर आला. सकाळी सगळे डोकं धरून उठले. धाकटा भाऊ उठला नाही. माझ्या कुशीत झोपला होता. दोगिम नाव त्याचं."

मी टाचणी हातातच धरून राहिले.

"दोन बोटंच आखूड कर," ती म्हणाली. "जास्त नको, गुडघ्याला थंडी लागते."

म्हणून तिचे दोन नियम होते. एक, दिवस बघूनच शिरायचं. दुसरा, पहिल्या रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवायची. आता जमीन तापवायला घरोघरी गॅसची गरम पाण्याची यंत्रं आली, कोळशाची शेगडी कोणी पाहिलीही नाही. भाडेकरू हसायचे. बाहेर पाणी गोठतंय आणि म्हातारी खिडकी उघडी ठेव म्हणते. पण ती संध्याकाळी स्वतः गल्लीत येऊन, मान वर करून बघायची. खिडकी बंद दिसली तर खालून हाका मारायची. उघडी दिसली की गुपचूप निघून जायची.

तर अशी बाई. आणि हिची अकरा घरं होती.

आमच्याकडे ज्याच्या पदरी पैसा आहे तो दरमहा भाडं देत नाही. घराच्या किमतीच्या जवळ जाईल एवढी ठेव मालकाच्या हातात ठेवतो, दोन वर्षं राहतो, आणि जाताना पूर्ण ठेव परत घेतो. मालकाला दोन वर्षं बिनव्याजी पैसा. शहाणा मालक तो बँकेत ठेवतो. शहाणा मालक मी अजून पाहिलेला नाही. माल्सूनताईने पहिल्या घराची ठेव घेतली, त्यात मासळीचे साठवलेले पैसे घातले आणि दुसरं घर घेतलं. दुसऱ्याच्या ठेवीतून तिसरं. जुना भाडेकरू निघाला की नव्याची ठेव घेऊन त्याला द्यायची. किमती वर वर जात होत्या, त्यामुळे नवा जुन्यापेक्षा जास्तच द्यायचा आणि हिच्या हातात चार पैसे उरायचे. ती स्वतः मात्र शेवटपर्यंत एका अर्ध्या तळघरात राहिली, जिथे खिडकीतून लोकांच्या चपला दिसतात. अकरा घरांची मालकीण, आणि त्याच कोटाला मी तीनदा अस्तर लावून दिलं.

"ताई, ही तर याची टोपी त्याच्या डोक्यावर झाली," मी तिला एकदा म्हटलं.

"मग? कोणाचं डोकं उघडं आहे का?"

"सगळ्यांनी एकदम टोप्या परत मागितल्या तर?"

"म्हणून तर दोन घरांचे करार मी एका मोसमात संपू देत नाही. तू इस्त्री कर. मला शिकवू नकोस."

ती बेफिकीर होती असं मात्र कोणी म्हणू नये. मी तिच्याइतकी घाबरलेली मालकीण पाहिली नाही. काळजाची धडधड थांबवायची ती काळी गोळी असते ना, सोन्याचा वर्ख लावलेली, परीक्षेच्या आधी पोरांना देतात ती, ती तिच्या खिशात कायम असायची. सकाळी टेकडीवरच्या तांबड्या मातीत ती अनवाणी चालायची, डोक्यातली आग पायातून उतरते म्हणून. फोन वाजला की दचकायची. शेवटी शेवटी तर फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला लागली. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा डब्यातून घुरघुर ऐकू आली. मला वाटलं उंदीर शिरला.

"भाडेकरू असेल," ती म्हणाली. "तांदळात असला की आवाज कमी येतो."

"उचल की मग."

"उचलून काय सांगू?"

त्या वर्षी व्याजाचे दर चढले आणि घरांच्या किमती घसरल्या. टीव्हीवर रोज एखादा मालक दिसायचा, तोंडावर मास्क आणि डोक्यावर टोपी ओढलेला, पोलिसांच्या मधून चालणारा. लोक ठेव द्यायला घाबरायला लागले. जो देई तो आधीच्यापेक्षा कमी देई. जुने मात्र आपली पूर्ण ठेव मागत. आणि शरद ऋतू सरता सरता तिचा करारांचा नियम मोडला. दोन घरं एकदम रिकामी होणार होती. एक समोरचं तिसऱ्या मजल्यावरचं, दुसरं पलीकडच्या गल्लीतलं. पलीकडच्याने वकील केला होता. वकिलाचं पत्र आलं त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन नुसती बसली, वाफेच्या इस्त्रीजवळ, हात पुढे करून. तिला थंडी वाजत नव्हती.

समोरच्या घराला नवी भाडेकरू मिळाली, उम ह्योरिम. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाने भाजल्याचे जुने डाग, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. लग्न केलेलं नव्हतं. आई वारल्यावर मिळालेला वाटा आणि पंधरा वर्षं मोठ्या कढया ढवळून साठवलेलं जे काही होतं, ते सगळं त्या ठेवीत गेलं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. हे तिनेच मला सांगितलं, पडदे मापायला आली तेव्हा, आणि सांगताना ती खूश होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला ऊन येणारी खोली मिळत होती.

ज्या दिवशी तिने ठेव भरली तो दिवस मला पक्का आठवतो, कारण आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सासऱ्यांचं वार्षिक श्राद्ध झालं होतं. नैवेद्याचे उरलेले तळलेले काप, कोहळ्याचे आणि माशाचे, मी ताटलीत घालून दुकानात आणले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायला. सकाळी समोरचा जुना भाडेकरू गेला. गल्लीत तीन ट्रक उभे होते, माझ्या दारापुढे हॉर्नची बोंबाबोंब. ह्योरिमने दलालाच्या ऑफिसात पैसे भरले, माल्सूनताईने ते तिथल्या तिथे जुन्या भाडेकरूला दिले, आणि दोघी पडदे घेऊन माझ्याकडे आल्या.

"आजच सामान आणते," ह्योरिम म्हणाली. "मामेभावाचा ट्रक दुपारी मोकळा आहे. आणि माझं आहे काय, एक फ्रीज आणि किमचीचे डबे."

"आज नको," माल्सूनताई म्हणाली.

"का हो?"

"आज पाहुणा पूर्वेला बसलाय. तू जिथून येणार तिथून हे घर पूर्वेलाच पडतं."

ह्योरिम खो खो हसली. "मालकीणबाई, मी चर्चवाली आहे. माझ्याकडे एकच पाहुणा येतो, आमचे पाद्रीसाहेब. ते फक्त जेवण नेतात."

मीही हसले. माल्सूनताई हसली नाही.

"तुझा देव तुझ्यापाशी. घर माझं आहे ना? माझ्या घरात भलत्या दिवशी कोणी पाऊल टाकलेलं नाही. दहा दिवस थांब. ट्रकचे पैसे मी देते, मग तर झालं?"

ह्योरिमने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये अशा संस्कारातली मुलगी. "बरं बाई," ती म्हणाली. "जुनी खोली महिनाअखेरपर्यंत माझीच आहे. तुमच्या पाहुण्याला म्हणावं, दहा दिवसांत आटप."

मी ताटली पुढे केली. तिने कापाकडे बघून हळूच विचारलं, "ताई, हे नैवेद्यातलं आहे का?"

"सासऱ्यांच्या. खा, ते कोणाला चावत नाहीत."

तिने एक काप घेतला, कागदात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. चर्चवाले श्राद्धाचं खात नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. माल्सूनताईने मात्र ताटलीला हात लावला नाही. दर वर्षी माशाचे काप वेचून खाणारी बाई. तिने खिशातून काळी गोळी काढली आणि पाण्याशिवायच गिळली.

त्या दहा दिवसांत समोरचं घर अंधारात होतं. मधे एका दुपारी काळ्या बुटांचा एक माणूस आला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत तो मला दिसला, आधी एका खोलीत, मग दुसरीत, फोनने फोटो काढताना. मला वाटलं गरम पाण्याचं यंत्र बघायला आला असेल. पण यंत्रवाल्याला मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवायला कोणी जात नाही, आणि माल्सूनताई त्याच्या मागे मागे, कमरेत वाकत, कोपऱ्यापर्यंत गेली. परत येताना ती माझ्या काचेवरून गेली तेव्हा तिने मान दुसरीकडे केली. मला ते खटकलं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं.

ह्योरिम आली तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. चांद्र महिन्याची एकोणतीस तारीख, एकदम मोकळा दिवस. फ्रीज चढवताना मामेभावाने जिन्यात चार शिव्या दिल्या, ह्योरिमने त्याला चर्चची आठवण करून दिली. अंधार पडता पडता तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला आणि खिडकी बोटभर उघडलेली दिसली. माल्सूनताई खाली उभी होती. नेहमी ती खिडकी बघून लगेच जायची. त्या दिवशी तिच्या डोक्यावर, खांद्यांवर बर्फ साठलं तरी उभीच. मी शटर ओढताना हाक मारली, "ताई, उघडी आहे खिडकी, जा आता घरी." तिने ऐकलंच नाही.

हिवाळा गेला, वसंत गेला. ह्योरिमने खिडकीत पुदिना लावला. मग भर उन्हाळ्यात ती एक दिवस कोर्टाचा कागद घेऊन माझ्या दुकानात आली. घामाने तिचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता.

"ताई, हे घर लिलावात कसं असेल? मी तर राहतेय त्यात."

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. कायदा असा आहे की भाडेकरू राहायला आला आणि त्याने पत्ता नोंदवला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ठेवीचा नंबर लागतो. त्यानंतर घरावर कोणी कर्ज काढलं तर ते भाडेकरूच्या मागे. पण कर्ज आधी चढलं असेल तर भाडेकरू मागे. माल्सूनताईने एका खाजगी सावकाराकडून त्या घरावर कर्ज घेतलं होतं, पलीकडच्या वकीलवाल्याची ठेव द्यायला. ते चढलं होतं ह्योरिमने पैसे भरल्यावर आणि ती राहायला येण्याच्या आधी. त्या दहा दिवसांत. आता हप्ते थकले होते, लिलावात जे येईल ते सावकार नेणार होता, आणि त्याचंही त्यात पुरतं भागणार नव्हतं. ह्योरिमच्या वाट्याला तळाची खरवडही उरत नव्हती.

माल्सूनताई पळून गेली नाही. लोक तिच्या तळघरापुढे जमले, ती दार उघडून बाहेर आली, फुटपाथवर गुडघे टेकून बसली. बाजार वर येईल असं वाटलं, म्हणाली, चार महिन्यांत फेडणार होते, ह्योरिमला कळायच्या आत. गल्लीला तिची दयाच आली. कोणी म्हणालं, बिचारी, त्या तिथीच्या खुळापायी पोरीला दहा दिवस थांबवलं आणि नेमका त्याच वेळी तो सावकार गाठ पडला. ज्या पाहुण्याला टाळायला गेली तोच घरात आला, असंही कोणी म्हणालं. मीही मान डोलावली. आडमुठी आहे, अंधश्रद्धाळू आहे, पण लबाड नाही, असं मी ह्योरिमलाच सांगितलं. ह्योरिम तेव्हा कोणाशीच बोलत नव्हती. शाळेतून यायची, जिना चढायची, दिवा लावायची नाही.

वर्ष फिरलं आणि सासऱ्यांचं श्राद्ध पुन्हा आलं. संध्याकाळी मी ताटं मांडत होते. डावीकडे सुका पोलाक ठेवायचा असतो, तो पाण्याने पुसून हातात घेतला होता. आमचे हे उदबत्ती शोधत म्हणाले, "उद्या दुकान लवकर उघडू नकोस. गल्लीत पाय ठेवायला जागा नसेल, सगळे ट्रक उद्याच येणार."

"का?"

"का म्हणजे? आज अठरा. उद्या एकोणीस. पाहुणा आभाळात."

मी तशीच उभी राहिले. सासऱ्यांचं श्राद्ध दर वर्षी चांद्र अठरालाच येतं, ते काही हलत नाही. म्हणजे गेल्या वर्षी ताटली घेऊन मी दुकानात बसले होते तो दिवस एकोणीस होता. वर्षभरातल्या मोकळ्या दिवसांपैकी एक. गल्लीत तीन ट्रक उभे होते, हॉर्न वाजत होते, आणि त्यांच्याच पुढे उभी राहून माल्सूनताई सांगत होती की पाहुणा पूर्वेला बसलाय. ह्योरिमला यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, पण दिवसाच्या बाबतीत माल्सूनताईचं कोण तपासणार? ती बाई चुकणारच नाही.

"मासा धरून काय उभी आहेस?" हे म्हणाले. "बाबा ताटकळतायत."

दुसऱ्या दिवशी मी काप घेऊन तिच्याकडे गेले. राग इतका होता की वाटेत दोनदा ताटली कलंडली. तळघरात सामान फारसं उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती, वरच्या खिडकीतून पायच पाय जात होते, आणि बाहेर ट्रक मागे घेण्याचा टीं टीं आवाज येत होता.

"आज कितवी तारीख आहे, ताई?" मी विचारलं.

तिने ताटलीकडे बघितलं.

"एकोणीस," ती म्हणाली. "तेव्हाही एकोणीसच होती."

"सख्ख्या भावाचं मरण वापरलंस तू. लाज नाही वाटली?"

"तो सावकाराचा माणूस म्हणाला, घर रिकामं दिसलं तरच कर्ज मिळेल. कागदपत्रं उरकायला आठवडा लागेल. तिला काय सांगू? नळ गळतोय म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मी दुरुस्त करते. रंग द्यायचाय म्हटलं असतं तर म्हणाली असती, मीच देते. ती तशीच आहे." तिने तोंडावरून हात फिरवला. "दिवसाबद्दल मला कोणी उलट विचारत नाही."

"पोलिसांनी बोलावलं तेव्हा सांगितलंस हे?"

"सांगितलं. लहान पोरगा होता. म्हणाला, आजी, पाहुणा म्हणजे कोण, त्याचं नाव-गाव सांगा. मी सांगितलं तर हसला. लिहिलं नाही." मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ह्योरिमला तू सांग. माझ्या तोंडून निघत नाही. पण हेही सांग, की तिला आणलं ते चांगल्याच दिवशी आणलं. तेवढं मी खोटं केलं नाही."

मी ताटली तिथेच ठेवून आले. ह्योरिमला त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे मी कॅलेंडर बघितलं असतं तर कळलं असतं?" मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलायचं.

वसंतात लिलाव झाला. घर घेणारा माणूस गाडीतून आला, घर न बघताच दारावर कागद चिकटवून गेला. शनिवारी कुलूप बदलणार, कामगार ठरलेत, त्याच्या आत जागा खाली करा. ह्योरिमला शाळेच्या मागे महिन्याच्या भाड्याची एक खोली मिळाली. बुधवारी संध्याकाळी ती दुकानात आली. पडदे आणले होते. नव्या खोलीची खिडकी लहान, म्हणून ते आणखी आखूड करायचे होते.

"ताई, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"शुक्रवारी सामान हलवायचंय. शुक्रवारी तो असतो का? पाहुणा?"

"तू चर्चवाली ना गं?"

"आहेच. पण गेल्या वेळी मी कोणाला विचारलं नाही." तिने पडद्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. "मला त्या बारीक आकड्यांतलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते मी धरीन."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवारच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात चांद्र तारीख होती, चार. पाहुणा दक्षिणेला. शाळा आमच्या दक्षिणेलाच. मोकळा दिवस यायला अजून पाच दिवस होते आणि ह्योरिमकडे पाच दिवस नव्हते. नव्या मालकाकडे जाऊन कोण म्हणणार, थोडे दिवस थांबा?

"चांगला आहे," मी म्हणाले. "मोकळा दिवस आहे. खुशाल जा."

तिच्या कपाळावरची आठी गेली. कित्येक महिन्यांनी मी तिला श्वास सोडताना पाहिलं. आणि मला माझीच भीती वाटली, कारण बोलताना मी अडखळले नव्हते, इस्त्रीवरचा हातही हलला नव्हता. तिने कॅलेंडरकडे वळूनही पाहिलं नाही. माल्सूनताईलाही त्या दिवशी असंच सोपं गेलं असेल.

पडदे घेऊन ती दारापर्यंत गेली तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"ह्योरिम, पहिल्या रात्री खिडकी बोटभर उघडी ठेव."

"का? दिवस तर चांगला आहे ना?"

"नव्या खोलीला वास असतो," मी म्हणाले, आणि शुक्रवारी दुकान बंद करून शाळेच्या मागच्या गल्लीत जायचं असं मनाशी ठरवलं.